'इन युटेरो'ची कुठली प्रत खरी अल्बिनीची?

काळी_तबकडी

निर्वाना या अमेरिकन रॉक बँडच्या 'इन युटेरो' या १९९३च्या अल्बमबद्दल वाचायला बसलं की दर ठिकाणी वेगळीच कथा भेटते. कोणी म्हणतं, 'नेव्हरमाइंड'नंतर इतका काळाकुट्ट अल्बम पाहून कंपनी घाबरली आणि तो रेकॉर्ड करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीचं सगळं काम फेकून दुसऱ्याकडून मिक्स (वाद्यं आणि गायन यांच्या पातळ्या जुळवून एकत्र करणं) करून घेतलं. कोणी म्हणतं, फक्त दोन गाणी बदलली. तिसरा सांगतो की '२०१३ मिक्स' म्हणजेच दडवून ठेवलेलं मूळ मिक्स. जाणकारांनी एकदाचा हा गुंता सोडवावा.

१. १९९३ साली दुकानात आलेल्या सीडीवर अल्बिनीचं किती आणि इतरांचं किती?
२. मूळ मिक्स ऐकायचं तर कुठली आवृत्ती घ्यायची?
३. 'दुर्मिळ' म्हणून दोन गोष्टी नेहमी विकायला असतात. एक म्हणजे मागे 'वेफ मी' असं नाव छापलेली सीडी, दुसरी 'पेनीरॉयल टी'चा मागे घेतलेला सिंगल. अस्सल कसं ओळखायचं?
४. थोडा अवांतर: या अल्बममधल्या ड्रम्सची नक्कल करताना खोलीचे (ड्रम्सपासून दूर ठेवलेले) माइक मिसळले की किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पोकळ होते. असं का?

खरखर

पहिल्याचं उत्तर आधी आकड्यात. बारापैकी दहा गाण्यांचं मिक्स अल्बिनीचं. 'हार्ट-शेप्ड बॉक्स' आणि 'ऑल अपॉलॉजीज' या दोघांचं स्कॉट लिटचं. आणि बाराच्या बारा गाणी बॉब लडविगच्या मास्टरिंगमधून (मिक्स झाल्यावरचा शेवटचा हात) गेलेली. सगळं काम फेकून दिलं ही दंतकथा झाली, पण ती हवेतून आलेली नाही. क्रम लावला की कळेल.

फेब्रुवारी १९९३, मिनेसोटातल्या कॅनन फॉल्सजवळचा पॅकिडर्म स्टुडिओ. गाजावाजा नको म्हणून आरक्षण 'सायमन रिची ग्रुप' या नावाने. सेक्स पिस्टल्सच्या सिड व्हिशसचं हे खरं नाव. अल्बिनीने आधीच बँडला चार पानी पत्र लिहून अटी कळवल्या होत्या. त्यातली महत्त्वाची अट पैशाची: रॉयल्टी घेणार नाही, नळदुरुस्ती करणाऱ्यासारखे केलेल्या कामाचे पैसे द्या. त्याने १,००,००० डॉलर ठोक घेतले. स्टुडिओचा खर्च २४,००० डॉलर, तोही बँडने स्वतः भरला. वाद्यांचं मूळ रेकॉर्डिंग साधारण सहा दिवसांत उरकलं, गायक-गिटारवादक कोबेनचं बहुतेक गायन एका दिवसात सहा तासांत, आणि मिक्सला पाचेक दिवस. 'नेव्हरमाइंड'चं मिक्स अँडी वॉलेसने केलं होतं, एकावर एक थर चढवून चकचकीत. इथे तिघं एका जागी वाजवतायत आणि टेप फिरतेय, मामला एवढाच.

टेप घरी गेल्या आणि तिथून बिघडलं. कंपनी आणि व्यवस्थापकांना आवडलं नाही हे खरं. पण बँडच्याही मनात शंका आली, आणि दंतकथा सांगणारे नेमकं हेच वगळतात. कोबेनची तक्रार दोन गोष्टींची: गायन मागे पडतंय आणि बेस ऐकू येत नाही. बेसवादक नोव्होसेलिकला 'हार्ट-शेप्ड बॉक्स'च्या गिटार सोलोवर चढवलेला इफेक्ट अजिबात पटला नव्हता. अल्बिनीला पुन्हा मिक्स करायला सांगितलं, तर त्याने नकार दिला. याहून चांगलं माझ्याकडून होणार नाही ही त्याची भूमिका.

एप्रिलमध्ये 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये अल्बिनीचं म्हणणं छापून आलं की कंपनी हा अल्बम काढेल असं वाटत नाही. मग मे महिन्यात 'न्यूजवीक'ने तोच सूर लावला. बँडने 'न्यूजवीक'ला खुलाशाचं पत्र लिहिलं आणि तेच 'बिलबोर्ड'मध्ये पानभर जाहिरात म्हणून छापलं. कंपनीचा संस्थापक डेव्हिड गेफनने स्वतः 'न्यूजवीक'ला फोन करून निषेध नोंदवला. एवढा धुरळा उडाल्यावर "कंपनीने गळा घोटला" ही कथा पक्की झाली, ती आजतागायत.

प्रत्यक्षात झालं काय? टेप लडविगकडे गेली. बेसची कड स्पष्ट झाली, गायन तीन डेसिबलच्या आसपास वर आलं. नोव्होसेलिकचं समाधान झालं, कोबेनचं अर्धवटच. सिंगल म्हणून काढायची गाणी अजून खटकत होती, म्हणून मेमध्ये सिॲटलच्या बॅड ॲनिमल्स स्टुडिओत आर.ई.एम.चा निर्माता स्कॉट लिट आला आणि त्याने ही दोन गाणी केली. 'हार्ट-शेप्ड बॉक्स'मध्ये कोबेनने जोडीचा आवाज आणि अकूस्टिक गिटार नव्याने भरली, आणि सोलोवरचा तो इफेक्ट गेला.

हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत), वादाचं मूळ अल्बिनीत किंवा लिटमध्ये नाही, मास्टरिंग या टप्प्याकडे होणाऱ्या दुर्लक्षात आहे. मास्टरिंगवाल्याच्या हातात फक्त डावं-उजवं असे दोन ट्रॅक असतात, गायनाचा वेगळा खटका नसतो. गायन वर आणायचं म्हणजे ते ज्या पट्टीत बसतं, साधारण १ ते ४ किलोहर्ट्झ, ती उचलायची. आणि त्याच पट्टीत स्नेअरचा (काडीने वाजवायचा खणखणीत ड्रम) 'टक्' आणि गिटारची धार बसलेली असते. तीही सोबत वर येते. त्यामुळे उरलेल्या दहा गाण्यांवर मिक्स अल्बिनीचं असलं तरी कानावर पडणारा तोल निव्वळ त्याचा नाही. दोन गाणी बदलली म्हणून ओरडणारे ही दहा गाणी 'शुद्ध' समजून ऐकतात, याची गंमत वाटते.

सुई_आणि_खाच

खरखर यांच्या क्रमाला अनुमोदन. मी आवृत्त्यांचं सांगतो.

आधी गैरसमज: '२०१३ मिक्स' म्हणजे १९९३चं मूळ मिक्स नव्हे. विसाव्या वर्षानिमित्त सप्टेंबर २०१३ मध्ये अल्बिनीने मूळ मल्टिट्रॅकवरून (प्रत्येक वाद्य वेगळं नोंदलेल्या टेप) नव्याने केलेलं ते मिक्स आहे. माणूस तोच, टेप त्याच, पण वीस वर्षांनंतरचे निर्णय. काही ठिकाणी तर वापरलेलं वादनच वेगळं आहे. 'सर्व्ह द सर्व्हंट्स'चा सोलो लावून पाहा, लगेच कळेल. १९९३च्या सीडीवरचा तो नाहीच.

मूळ मिक्स हवंय ते दोन गाण्यांपुरतं, कारण लिटने झाकलेली तेवढीच. ती दोन्ही २०१३च्याच डीलक्स आवृत्तीत पहिल्या सीडीच्या शेवटी जोडलेली आहेत. नावापुढे 'ओरिजिनल स्टीव्ह अल्बिनी १९९३ मिक्स' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. नुसतं '२०१३ मिक्स' लिहिलं असेल तर ते वेगळं. त्याच नावाने ४५ आरपीएमच्या दोन तबकड्यांचा संचही निघाला. तो आवाजाला झकास आहे, पण १९९३च्या इतिहासाचा पुरावा म्हणून घेऊ नका. २०२३ची तिसाव्या वर्षाची आवृत्ती म्हणजे मूळ अल्बमचं बॉब वेस्टनने केलेलं नवं मास्टरिंग आणि भरपूर मैफली. पॅकिडर्मच्या सत्रांत अल्बिनीच्या हाताखाली तांत्रिक बाजू सांभाळणारा वेस्टन तो हाच.

आता 'वेफ मी'. अमेरिकेत अल्बम २१ सप्टेंबर १९९३ला सर्वत्र आला (ब्रिटनमध्ये आठवडाभर आधी), पहिल्या आठवड्यात १,८०,००० प्रती खपल्या आणि थेट पहिला क्रमांक. तरी वॉलमार्ट आणि केमार्ट या मोठ्या दुकानसाखळ्यांच्या फळ्यांवर तो नव्हता. कारणं दोन: मागच्या बाजूचं कोबेनने जमिनीवर मांडलेलं, फुलं आणि भ्रूणांच्या प्रतिकृतींचं कोलाज, आणि 'रेप मी' हे नाव. लहान गावांतल्या मुलांना गाण्यांसाठी हीच दुकानं, हे बँडला माहीत होतं, म्हणून मार्च १९९४ मध्ये सौम्य आवृत्ती निघाली. मागचं चित्र बदललं, नाव 'वेफ मी' झालं. गाण्याच्या शब्दांना मात्र हात लावलेला नाही! चौथा ट्रॅक लावा, कोबेन जे म्हणत होता तेच म्हणतो. सगळा सोज्वळपणा कागदावर.

आणि इथेच अस्सल-नक्कल ओळखायची किल्ली आहे. सीडीच्या डबीतला मागचा कागद कोणीही बदलू शकतं. साध्या सीडीमागे सौम्य आवृत्तीचा कागद सरकवून दुप्पट किंमत लावणं हा जुना धंदा आहे. पण सौम्य आवृत्तीत एक गाणं खरोखर वेगळं आहे: नववं, 'पेनीरॉयल टी'. साध्या सीडीवर ते अल्बिनीचं मिक्स आहे, सौम्य सीडीवर स्कॉट लिटचं. बँडच्या नावानेच निघालेल्या २००२च्या संकलनातही लिटचंच आहे, तेव्हा ते शेजारी ठेवून पडताळा. लिटचं जास्त घासूनपुसून केलेलं आणि गायन पुढे ओढलेलं वाटतं. विक्रेत्याला कागदाचे फोटो मागू नका, नवव्या ट्रॅकची पहिली तीस सेकंद वाजवून पाठवायला सांगा.

'पेनीरॉयल टी'चा सिंगल: एप्रिल १९९४ मध्ये यायचा होता. कोबेनच्या आत्महत्येनंतर मागे घेतला आणि छापलेल्या प्रती नष्ट केल्या. सोबतच्या गाण्यांत 'आय हेट मायसेल्फ अँड वॉन्ट टू डाय' होतं, दुसरं काही न सांगता कारण लक्षात येईल. अल्बमचं नावही आधी हेच ठेवायचं चाललं होतं. खटला भरला जाईल या भीतीने नोव्होसेलिकने परावृत्त केलं. जर्मनीत तयार झालेल्या थोड्या सीडी वाचल्या, म्हणून किंमत चढी आणि म्हणूनच नकलाही फार. तपासायचं असं: सीडी उलटी करा. मधल्या भोकाभोवतीच्या कड्यात कारखान्याचा क्रमांक असायला हवा, आणि तो नोंदल्या गेलेल्या प्रतींच्या क्रमांकाशी जुळायला हवा. पृष्ठभाग चंदेरीच हवा. तिरक्या उजेडात हिरवट किंवा निळसर झाक दिसली तर ती घरी लिहिलेली सीडी, विषय संपला. ऐकण्याशीच मतलब असेल तर २०१४च्या रेकॉर्ड स्टोअर डेला हाच सिंगल सात इंची तबकडीवर पुन्हा काढलाय, तो घ्या.

रच्याकने (बाय द वे), अमेरिकेबाहेरच्या सीडीवर बारावा ट्रॅक ३१ मिनिटांच्या आसपास दिसतो. सीडी खराब नाही. 'ऑल अपॉलॉजीज' चार मिनिटांच्या आत संपतं, मग सुमारे वीस मिनिटं शांतता, आणि मग 'गॅलन्स ऑफ रबिंग अल्कोहोल फ्लो थ्रू द स्ट्रिप'. हे पॅकिडर्ममधलं नाहीच. जानेवारी १९९३ मध्ये रिओत, क्रेग माँटगोमेरीने रेकॉर्ड केलेलं. अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त सीडीऐवजी आपल्या देशात निघालेली घ्या म्हणून लावलेलं आमिष, आणि वेष्टनावर 'घसरलेल्या अमेरिकी डॉलरमुळे दिलेलं खरेदीचं आमिष' अशा अर्थाची ओळ छापून तसं कबूलही केलंय.

घुमटातला_आवाज

चौथ्या प्रश्नाकडे कोणी बघेना म्हणून लिहितोय. काळी तबकडी, तुमचं अवांतर मुख्य प्रश्नांपेक्षा रंजक आहे.

निर्वानाचा ड्रमर ग्रोलच्या ड्रम्सभोवती तीसच्या आसपास माइक होते. 'व्हेरी एप' आणि 'टुरेट्स' या दोन गाण्यांचे ड्रम्स तर शेजारच्या स्वयंपाकघरात वाजवले, तिथल्या घुमण्यासाठी. हे वाचून लोक घरी माइकची संख्या वाढवतात आणि फसतात. तीस माइक म्हणजे तीस पर्याय. मिक्समध्ये सगळे एकदम उघडे नसतात. प्रत्येक वाढीव माइक हा आवाज उशिरा पोचण्याचा आणखी एक मार्ग. किक पोकळ होते ती याच उशिरामुळे.

हिशोब असा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. खोलीचा माइक किकपासून ३.४ मीटरवर असेल तर त्याला आवाज १० मिलिसेकंद उशिरा मिळतो. तो जवळच्या माइकमध्ये मिसळला की काही कंप्रता एकमेकींना खोडतात. पहिली खोडली जाणारी कंप्रता काढायची तर ५०० भागिले उशीर. १० मिलिसेकंदांना ५० हर्ट्झ, मग तिच्या तिप्पट, पाचपट: १५०, २५०. म्हणजे किकचा ५० हर्ट्झवरचा गाभाच गेला. पोकळ वाटणार नाहीतर काय?

अल्बिनीची सवय माहीत आहे का? तो खोलीच्या माइकना आणखी १० ते २० मिलिसेकंद उशीर मुद्दाम द्यायचा, म्हणजे खोली आहे त्याहून मोठी भासते. कान एवढा उशीर वेगळा प्रतिध्वनी म्हणून ओळखत नाही, मूळ ठोक्याला चिकटवूनच ऐकतो. पण खोडाखोड संपत नाही, फक्त जागा बदलते. म्हणून आकडा कानाने शोधायचा:

खोलीच्या ट्रॅकवर फक्त उशीर देणारा प्लगिन ठेवा, प्रतिध्वनीची पुनरावृत्ती शून्य, मूळ आवाज बंद. फक्त किक आणि स्नेअर वाजतील असा आठ ठोक्यांचा तुकडा फिरता ठेवा. ८ मिलिसेकंदांपासून एकेक वाढवत २० पर्यंत जा. कुठेतरी किक एकदम 'भरते', तिथे थांबा. मग खोलीच्या ट्रॅकचं पोलॅरिटीचं (लाट उलटी करणारं) बटण दाबून पाहा. उलट्यावर जास्त भरली तर उलटंच ठेवा. शेवटी खोलीच्या ट्रॅकमधलं ८० हर्ट्झखालचं कापा. पोटातला दणका जवळच्या माइकने द्यायचा, खोलीने फक्त हवा.

नेहमीची चूक: छोट्या खोलीत, गुळगुळीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये हे करणं. टाळी वाजवा. 'टर्र' असा फडफडता आवाज परत आला तर तो माइकमध्ये शिरणार आणि उशीर दिल्यावर स्नेअरमागे दुसरी पत्र्याची स्नेअर वाजल्यासारखी होणार. आधी एका भिंतीवर गादी टेका. माइक जमिनीलगत ठेवले तर आणखी बरं, जमिनीवरून उडून उशिरा येणारा एक मार्ग कमी होतो.

आणि ड्रमर. मोठं, सारख्या जोराने, झांजा जरा हलक्या हाताने. ते नसेल तर कुठलाही माइक ग्रोल देत नाही.

काळी_तबकडी

सगळ्यांचे आभार, साठवून ठेवावेत असे प्रतिसाद. १४ मिलिसेकंदांवर पोलॅरिटी उलटी करून किक भरली!

एक शेवटचं. अल्बिनीचं आणि लिटचं 'हार्ट-शेप्ड बॉक्स' शेजारी लावलं. एकातून दुसरं वजा करून फक्त फरक ऐकता येईल असं वाटलं होतं. एक लाट उलटी करून मिसळली, तर जवळजवळ सगळं गाणंच उरतंय. काय चुकलं?

खरखर

चुकलं काही नाही, इथे ती पद्धत चालत नाही. वजाबाकीसाठी दोन्ही फाइल एकाच मिक्समधून, एकाच आवाजपातळीवर आणि नमुन्यागणिक जुळलेल्या हव्यात. इथे दोन्ही मिक्स वेगवेगळ्या वेळी ॲनालॉग टेपवर उतरलेली. यंत्राची गती केसभर वेगळी असली तरी सुरुवात जुळवलेली गाणी शेवटाकडे सरकतात. त्यात समतोल वेगळा, मास्टरिंग वेगळं. वजा होण्यासारखं राहतंच काय?

त्यापेक्षा दोन्ही फाइल एकाखाली एक ठेवा, पहिल्या स्नेअरवर जुळवा. लाउडनेस मोजून जास्त असलेली खाली आणा, दोन्ही उणे १८ लफ्सला (लाउडनेसचं माप) बसवा. हे टाळू नका. एक डेसिबलने मोठं असलेलं नेहमी 'चांगलं' वाटतं आणि मग निकाल आधीच ठरतो. मग पूर्ण गाणं न ऐकता दोनच जागा फिरत्या ठेवा. कोरसमध्ये मुख्य आवाजाला चिकटलेला दुसरा आवाज फक्त लिटच्यात सापडेल. आणि सोलो: अल्बिनीच्यात गिटारवर थरथरता, हेलकावणारा इफेक्ट आहे, लिटच्यात ती कोरडी. नोव्होसेलिक कशावर चिडला होता ते तिथे ऐकू येतं.

सुई_आणि_खाच

एक भर: तुलनेची दोन्ही गाणी एकाच २०१३च्या सीडीवरून घ्या. एक तिथलं आणि दुसरं १९९३च्या सीडीवरचं असं केलंत तर मिक्सच्या फरकात मास्टरिंगचा फरक मिसळेल. आणि वाजवणाऱ्या ॲपमधलं आवाज आपोआप सारखा करणारं बटण बंद ठेवा, विशेषतः त्या ३१ मिनिटांच्या ट्रॅकला. काही जुनी ॲप वीस मिनिटांची शांतताही सरासरीत धरतात आणि 'ऑल अपॉलॉजीज' वाजवतात छप्पर उडेल अशा आवाजात.